संगणकाच्या सुरक्षेचा खर्च कोणी सोसावा?



दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीस नियमित आधार देणे थांबविले. प्रणाली त्या दिवशी बंद पडली नाही. पत्रे टंकता येतात, हिशेबही होतात. थांबल्या त्या सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या. आधार संपलेल्या प्रणालीवरून काम करण्यास अनेक कार्यालयांचे नियम मनाई करतात. साहजिकच पुणे, बंगळूर अथवा हैदराबादच्या कंपनीचे काम घरी बसून, स्वतःच्या संगणकावर करणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे प्रश्न उभा राहतो की, नवा संगणक घ्यायचा तो कोणाच्या पैशाने?

केवळ नवी प्रणाली घालून भागत नाही. ‘विंडोज ११’ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था व ठराविक पिढीपुढील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे आठवी पिढी, जी सन २०१७ च्या उत्तरार्धात बाजारात आली. त्यापूर्वीचा संगणक कितीही सुस्थितीत असला तरी कंपनीच्या लेखी अपात्र ठरतो. चालती वस्तू टाकून द्यावी लागणे आमच्या पिढीच्या मनास पटत नाही, हे कबूल केले पाहिजे.

तथापि नियम निव्वळ लहरीपोटी झालेले नाहीत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालये वेठीस धरली व हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ती वेळेवर बसविली गेली नव्हती, एवढेच.

जुन्याच संगणकावर काही काळ काढावयाचा तर वाढीव सुरक्षेचा मार्ग मायक्रोसॉफ्टने ठेवला. व्यावसायिक संस्थांसाठी पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी १२२, तिसऱ्या वर्षी २४४, असे तीन वर्षांचे एकूण ४२७ डॉलर. उशिरा सामील होणाऱ्यास मागील वर्षाचेही पैसे भरावे लागतात. एवढ्या रकमेत साधा नवा संगणक येऊ शकतो, तेव्हा हा मार्ग मुदत मिळविण्यापुरताच म्हणावयाचा. घरगुती वापरासाठी एक वर्षाची, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत निराळी होती. ती ३० डॉलरला, अथवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात संगणकाच्या मांडणीची नक्कल ठेवल्यास विनामूल्य. मात्र ती व्यावसायिक वापरासाठी नव्हती, आणि कार्यालयाच्या नियंत्रण-व्यवस्थेस जोडलेल्या संगणकास ती लागू नव्हती. म्हणजे ज्याने कार्यालयाच्या सोयीसाठी आपला खाजगी संगणक जोडून दिला, तोच फुकटच्या सवलतीस मुकला!

मग खर्च कोणाचा? आमचे मत स्पष्ट आहे. ज्याने अट घातली आणि ज्याची माहिती त्यामुळे सुरक्षित राहते, त्याने तो सोसावा. याला आधार नाही असे नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांस घरून कामाची मुभा दिली, तेव्हा उपकरणे व सुरक्षित जोडणी कंपनीने पुरवावी, असेच नियमात म्हटले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात नोकरीसाठी आवश्यक खर्च मालकाने भरून देण्याचे कायदेशीर बंधन आहे. तेथील अपील न्यायालयाने २०१४ मध्ये असा निर्णय दिला की, कर्मचाऱ्याचा खाजगी मोबाईल कामासाठी सक्तीने वापरला जात असेल तर त्याच्या बिलाचा वाजवी वाटा मालकाने द्यावा. तो संगणक घरच्या कामासही येतो, हा मालकांचा युक्तिवाद अगदीच गैर नाही; पण त्यावरून वाटा ठरावा, सुटका होऊ नये. आपल्याकडे इतरत्र बहुधा नेमणूक-पत्रातील शब्दांवरच भिस्त असते. तेव्हा नवी नोकरी स्वीकारतानाच संगणक कोणाचा, हे लेखी विचारून घ्यावे.

हेच माप आपल्यासारख्या संस्थांनाही लावावयास हवे. अनेक न्यासांचे मानद चिटणीस वा खजिनदार देणगीदारांची नावे, पत्ते व पॅन क्रमांक घरच्या संगणकावर ठेवतात. ८०-जी सवलतीपायी सन २०२१-२२ पासून हा तपशील आयकर खात्यास द्यावा लागू लागला, त्यामुळे तो साठतो. वैयक्तिक माहितीविषयीच्या २०२३ च्या कायद्याने माहिती बाळगणाऱ्यास ‘विश्वस्त’ अशाच अर्थाची इंग्रजी संज्ञा दिली आहे. योग्य सुरक्षा न राखल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध झाले व मुख्य बंधनांसाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. सेवाभावी माणसाने वेळ द्यावा, हे ठीक. न्यासाच्या जबाबदारीचा संगणकही त्याने पदरमोड करून घ्यावा, ही अपेक्षा आम्हांस अनुचित वाटते. भटारखान्याची भांडी कोणी चिटणिसांच्या घरून मागवीत नाही.

अंदाजपत्रकात तरतूद करताना केवळ यंत्राची किंमत धरून चालणार नाही. पावत्या छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नव्या संगणकास जुळतो का, जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेली वर्गणीदारांची यादी युनिकोडमध्ये आणण्यास किती दिवस लागतील, हिशेबाच्या प्रणालीचा परवाना नव्याने घ्यावा लागेल का, याचीही चौकशी करावी. यादीच्या कामास वाटते त्याहून अधिक वेळ जातो. जोडाक्षरे हटकून बिघडतात व प्रत्येक नाव डोळ्यांखालून घालावे लागते. आणि जुना संगणक भंगारात अथवा एखाद्या भाच्याच्या हाती देण्यापूर्वी त्याची डिस्क जाणकाराकडून पुसून घ्यावी. फाईल नुसती ‘डिलीट’ केल्याने त्यातील पॅन क्रमांक जात नाहीत.