बाळाच्या वतीनें संमती

डोंबिवलीच्या एका आजोबांनीं आम्हांस पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा व सून लंडनमध्यें असतात. पांच महिन्यांच्या नातीस इसबाचा बराच त्रास आहे. तेथील इस्पितळानें विचारलें आहे कीं, अन्नाच्या ॲलर्जीविषयीं चाललेल्या एका संशोधनांत बाळाचें नांव घालतां काय? सुनेच्या मनांत घालावें असें आहे, आजी म्हणतात, "माझी नात म्हणजे प्रयोगाचा ससा नव्हे." अशा वेळीं वडील माणसांनीं कोणता कौल द्यावा, असें आजोबा विचारतात. ज्यांचीं नातवंडें परदेशीं वाढत आहेत अशीं घरें ठाण्यापासून कल्याणपर्यंत थोडीं नाहींत. म्हणून या प्रश्नाचा येथें सर्वांसमक्ष विचार करणें आम्हांस योग्य वाटतें.

ॲलर्जी म्हणजे अपचन नव्हे. शरीराची रक्षणव्यवस्था एखाद्या निरुपद्रवी अन्नास शत्रू समजून त्यावर तुटून पडते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, आणि क्वचित् श्वास कोंडून जिवावर बेततें. ज्या शेंगदाण्याचें कूट आपल्या खिचडींत व कोशिंबिरींत रोज पडतें, तोच दाणा इंग्लंड-अमेरिकेंतील कित्येक मुलांना असा बाधतो. म्हणून १९९८ सालीं इंग्लंडांत व २००० सालीं अमेरिकेंत जाणत्यांनीं सल्ला दिला कीं, ज्या घराण्यांत हा विकार आहे तेथील बाळांना तीन वर्षांपर्यंत दाणा देऊं नये. सल्ला सद्धेतूनेंच दिला होता. परंतु बाधा कांहीं कमी झाली नाहीं.

पुढें २००८ सालीं लंडनचे प्राध्यापक गिडियन लॅक व त्यांचे सहकारी यांनीं एक विलक्षण गोष्ट दाखविली. इंग्लंडांतील ज्यू मुलांत ही बाधा शेंकडा १.८५ होती, तर इस्रायलांतील ज्यू मुलांत अवघी ०.१७, आणि इस्रायलांत तर बाळांना दाण्याचा खाऊ लहानपणींच देतात! मात्र अशा निरीक्षणावरून तर्क बांधतां येतो, सिद्धान्त ठरत नाहीं. म्हणून त्यांनीं चार ते अकरा महिन्यांच्या वयाचीं, तीव्र इसब किंवा अंड्याची बाधा असलेलीं ६४० बाळें घेतलीं, आणि चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें त्यांचे दोन गट केले. एका गटास आठवड्यास निदान सहा ग्रॅम दाण्याचें प्रथिन द्यावयाचें. दुसऱ्यास पांच वर्षांचें होईपर्यंत दाणा वर्ज्य. २०१५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आरंभीं त्वचेच्या परीक्षेंत निर्दोष ठरलेल्या मुलांपैकीं दाणा टाळणाऱ्यांत शेंकडा १३.७ जणांना बाधा जडली, खाणाऱ्यांत १.९ जणांना. जुना सल्ला साफ उलटला.

आपल्याकडे सुश्रुतानें सहाव्या महिन्यांत बाळास हलकें व हितकर अन्न द्यावें असें सांगितलें आहे, आणि संवयीनें जें अंगीं मानवतें त्यास आयुर्वेदांत ओकसात्म्य असा शब्दही आहे. परंतु एवढ्यावरून पूर्वजांना सर्व ठाऊक होतें असें म्हणणें म्हणजे त्यांच्या नांवावर आळस करणें होय. इसब असलेल्या बाळास कोणतें अन्न केव्हां व कोणत्या परीक्षेनंतर द्यावें हें डॉक्टरांनींच ठरवावें. आणि अख्खा दाणा तर घशांत अडकतो म्हणून लहानग्यांस कधींच देऊं नये.

आतां मुख्य मुद्दा. हें ज्ञान जगाला मिळालें तें ६४० घरांनीं होकार दिला म्हणून. पण दाणा वर्ज्य केलेल्या गटांतील ज्या मुलांना बाधा जडली, त्यांच्या आईबापांच्या होकाराचा लाभ त्यांच्या स्वतःच्या बाळास झाला नाहीं. त्यांना कोणी फसविलें नव्हतें. टाळणें हीच त्या वेळची रूढ रीत होती. तथापि संशोधन म्हणजे उपचार नव्हे, चिठ्ठी कोणत्याही बाजूची निघूं शकते, हें जाणूनच नांव घालावें.

आजींची भीतिही निराधार नाहीं. २००९ सालीं आंध्रांतील खम्मम जिल्ह्यांत शाळकरी मुलींना एक लस टोंचण्यांत आली, तेव्हां अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनींच सह्या केल्या होत्या. पुढें संसदेच्या समितीनें त्यावर कडक ताशेरे ओढले. 'अनुमति' म्हणजे परवानगी. ती वरचा माणूसही देऊं शकतो. 'संमति' मात्र समजून उमजून मनापासून द्यावी लागते. सशास कोणी विचारीत नाहीं. बाळासही विचारतां येत नाहीं. म्हणून तर त्याच्या आईबापांवर विचारण्याचें ओझें दुप्पट येतें.

तेव्हां त्यांनीं पुढील गोष्टी विचाराव्या, आणि उत्तरें लेखी घ्यावीं. बाळास काय, किती व कोणाच्या देखरेखीखालीं देणार? बाधा झाल्यास ॲड्रिनॅलिनचें इंजेक्शन व तें देणारा माणूस जवळ असेल काय? दुसऱ्या गटास काय मिळणार? नीतिसमितीनें मान्यता दिली आहे काय? मधूनच नांव काढून घेतलें, अथवा आरंभींच नकार दिला, तर नेहमींच्या उपचारांत कांहीं उणें पडेल काय? या शेवटच्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट 'नाहीं' असें न आल्यास तेथेंच थांबावें. आपल्या देशांतही रोग्यांवर करावयाच्या औषधांच्या चांचण्यांची सार्वजनिक नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. असा कागद येथें घरीं आला तर ती नोंद आधीं पाहावी.

आजोबांस आमचें उत्तर असें कीं, कौल आपण देऊंच नये. रात्रीं जागणारी आई आणि बाप यांचाच तो अधिकार आहे. दोघांचें एकमत झालें तर आशीर्वाद द्यावा. एकाचेंही मन घेत नसेल तर दुसऱ्यानें आग्रह धरूं नये. आजींनीं मात्र आपली शंका मनांत दाबून ठेवूं नये. वरील प्रश्नांत आणखी एक प्रश्न म्हणून ती सुनेकडे पाठवावी. विचारल्यावांचून दिलेला होकार आणि विचारल्यावांचून दिलेला नकार, दोन्ही बाळाच्या हिताचे नव्हेत.