फिल्मवरचा जिलेटीनचा थर

जुन्या पेढीच्या भिंतीवर आजोबा-पणजोबांची तसबीर असते. तिला हार घातला जातो, सणासुदीला तिच्यासमोर हात जोडले जातात. ती ज्या कागदावर उमटली, त्या कागदाचा विचार मात्र सहसा होत नाही.

रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१ साली चांदीचे क्षार जिलेटीनमध्ये मिसळून काचेवर लेपण्याची रीत मांडली. पुढे शंभराहून अधिक वर्षे फिल्मचे रोल आणि फोटोचे कागद याच थरावर उभे राहिले. जिलेटीन म्हणजे जनावरांच्या हाडांतून व कातड्यांतून काढलेला पदार्थ. कोडॅकचे रसायनशास्त्रज्ञ सॅम्युएल शेपर्ड यांना १९२० च्या दशकात असे आढळले की, गुरांच्या चाऱ्यातील मोहरीसारख्या वनस्पतींमुळे जिलेटीनमध्ये गंधकाचा अंश उतरतो आणि त्यानेच फिल्म अधिक तेज होते. जेलीचे पाकीट वाचून परत ठेवणारी, औषधाच्या कॅप्सूलविषयी वैद्याला विचारणारी श्रावकांची घरे विवाहात मात्र रोलमागून रोल संपवीत होती. हा ढोंगीपणा नव्हता. त्या थराची कोणाला वार्ताच नव्हती.

हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांतील दंतवाणिज्य हस्तिदंतापुरते मर्यादित नाही. प्राण्यांची हाडे, नखे, चामडे यांचा व्यापारही त्यात येतो. मग रोल विकणाऱ्या दुकानदाराचे काय? करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा हिशेब ठेवणाऱ्या धर्मात याचे उत्तर सोयीचे निघत नाही.

डिजिटल कॅमेऱ्याने हा पेच बराचसा सोडवला, तोही धर्मविचाराने नव्हे. १९७५ मध्ये कोडॅकमधीलच अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला असा कॅमेरा जुळवला. केवळ दहा हजार बिंदूंचे चित्र, आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद! आपल्याच घरात जन्मलेल्या मालाला कंपनीने पुरेसे महत्त्व दिले नाही, आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. व्यापारी घरांना ही कथा निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

तथापि पेच पूर्ण सुटलेला नाही. कॅमेरा डिजिटल असला तरी अल्बम अनेकदा चांदीच्या क्षारांच्या कागदावरच निघतो, आणि त्या कागदावर जिलेटीन असतेच. शाईने छापायच्या काही चकचकीत कागदांवरही तो थर असतो. साध्या कागदावर टोनरने छापलेला अल्बम हा पर्याय उपलब्ध आहे. ऑर्डर देण्यापूर्वी लॅबमध्ये कागद कोणता, एवढे विचारावे लागते. चमक थोडी कमी दिसेल.

परिग्रहाचे मात्र उलटे झाले. एका रोलमध्ये ३६ चित्रे. म्हणून छायाचित्रकार थांबे, पाहे, मग बटण दाबी. आता मोजमाप उरले नाही. परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्या घरातही एका विवाहाची हजारो चित्रे डिस्कवर पडून राहतात. त्यांतून अल्बमची दीडशे निवडण्याचे काम बहुधा घरातल्या धाकट्या सुनेवर येते.