चूक खात्याची, धास्ती खातेदाराची

प्रति,
मा. सचिव, महिला व बालविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : अनुदानाच्या जादा पडलेल्या रकमेबाबत लेखी नियम करणे.
संदर्भ : याच विषयावर हिंगोली जिल्ह्यातून गेलेले अर्ज, ज्यांवर आवक-शिक्क्याखेरीज काही उमटलेले नाही.

महोदय,

शासकीय अनुदानाची जादा रक्कम दोन तऱ्हांनी खात्यावर येते. एक तर पात्र माणसाला ठरल्यापेक्षा अधिक पैसे पडतात, नाहीतर एका योजनेचे अनुदान चालू असताना दुसऱ्या योजनेचाही हप्ता सुरू होतो आणि पुढे कधीतरी कळते की दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. पहिली चूक सहसा किरकोळ असते आणि तहसीलच्या पातळीवर निस्तरते. दुसरी शासन निर्णयातच रुजलेली असते. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत झाली ती ही दुसरी.

योजनेचा शासन निर्णय २८ जून २०२४ चा. पात्र महिलांच्या यादीत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार अशी स्पष्ट नोंद आहे. त्याच निर्णयात थोडे पुढे असेही आहे की शासनाच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून दरमहा १,५०० रुपये किंवा अधिक घेणारी महिला अपात्र. विधवा, परित्यक्ता आणि निराधार महिला ज्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत असतात, तिचे अनुदान जुलै २०२३ पासून नेमके १,५०० रुपये आहे. त्याआधीचे १,००० रुपयेच राहिले असते तर ही अट त्यांना आडवी आली नसती. म्हणजे सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातल्या एखाद्या विधवेला एका कलमाने बोलावले आणि दुसऱ्याने बाहेर काढले. मधल्या काळात अंगणवाडी सेविकेने अर्ज भरला, हमीपत्रावर अंगठा झाला आणि हप्ता पडला. हमीपत्रात ‘इतर योजनेतून १,५०० वा अधिक लाभ घेतलेला नाही’ ही ओळ होती, हे खरे. ती वाचून दाखवायला किती जणींपाशी कोण बसले होते, याची नोंद शासनाकडे असल्यास ती प्रसिद्ध करावी.

आता आकडे. ते सगळे शासनाचेच आहेत, विभागाच्या सोयीसाठी फक्त एकत्र मांडले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये विभागाच्या मंत्र्यांनी समाजमाध्यमावर जाहीर केले की पाच लाख महिला अपात्र ठरल्या. त्यांत २.३० लाख संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या आणि १.१० लाख ६५ वर्षांवरच्या. उरलेल्या १.६० लाखांमध्ये घरात चारचाकी असलेल्या, नमोशक्ती योजनेच्या लाभार्थी आणि स्वतःहून नाव मागे घेणाऱ्या अशा तिन्ही जमा होत्या. जुलै ते डिसेंबर २०२४ या सहा महिन्यांचे एका महिलेचे ९,००० रुपये होतात. साऱ्यांना सहाही हप्ते मिळाले असे धरले तर पाच लाख महिलांचे ४५० कोटी, आणि त्यांपैकी एकट्या निराधार महिलांचे २०७ कोटी.

या २.३० लाख महिलांची नावे, आधार क्रमांक आणि खाते क्रमांक अर्ज मागवण्याच्या कितीतरी आधीपासून सामाजिक न्याय विभागाकडे होते. तो विभाग त्याच मंत्रालयात आहे. दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहायला परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. ६५ वर्षांवरच्या १.१० लाख महिलांसाठी तर दुसरी यादीही नको होती, कारण जन्मतारीख आधार कार्डावरच असते आणि आधार कार्ड अर्जालाच जोडलेले होते. हा एक रकाना तपासायचा राहिला त्याची किंमत, वरच्याच हिशेबाने, ९९ कोटी.

जुलै २०२५ मध्ये अपात्रांचा आकडा फुगून २६.३४ लाखांवर गेला. इतक्यांचा लाभ जूनपासून थांबवला गेला. त्यांचा एका महिन्याचा खर्च ३९५ कोटींचा. त्याच सुमारास १४,२९८ पुरुषांना या योजनेचे २१.४४ कोटी रुपये मिळाल्याचे उघड झाले. भागाकार केला तर माणशी १५,००० रुपये येतात, म्हणजे सरसकट दहा हप्ते. बहिणींच्या योजनेत १४,२९८ भाऊ सापडायला यंत्रणेला दहा महिने लागले. त्याआधी सुमारे दोन लाख अर्जांच्या पडताळणीत २,२८९ शासकीय कर्मचारी महिला निघाल्या होत्या. त्यांचा पगार ज्या कोषागारातून होतो, तेही शासनाचेच.

अर्जांची मुदत १५ जुलैवरून ३१ ऑगस्ट, मग ३० सप्टेंबर आणि अखेर १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंत वाढवली गेली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. चाळण हाती घेतली गेली ती नव्या वर्षात. हा क्रम योगायोगाचा असेल तर शासनाचे अभिनंदन, कारण इतका वक्तशीर योगायोग इतर कोणत्याही शासकीय कामात पाहायला मिळत नाही.

जादा रक्कम आली आहे हे खातेदाराला कसे कळावे, हा पुढचा प्रश्न. पासबुकावरून ते कळत नाही. लाडकी बहीणचे पहिले दोन हप्ते ऑगस्ट २०२४ मध्ये ३,००० रुपये असे एकत्र पडले. उशिरा अर्ज केलेल्या महिलांना सप्टेंबरअखेर ४,५०० रुपये एकदम मिळाले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पुन्हा एकत्र, फेब्रुवारी-मार्चचे महिला दिनाच्या सुमारास पुन्हा एकत्र. निराधार आणि वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे अनुदान तर दोन-दोन, तीन-तीन महिने रखडून गठ्ठ्याने येण्याची सवय गावोगावी जुनीच आहे. त्यात ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे अनुदान २,५०० रुपये झाले. कळमनुरीच्या एखाद्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या खात्यावर ४,५०० रुपये दिसले, तर ती तीन महिन्यांची थकबाकी आहे, दोन योजनांची बेरीज आहे की संगणकाची चूक, हे तिने ओळखावे अशी शासनाची अपेक्षा दिसते. जे दोन विभागांना एकत्र बसून ओळखता आले नाही ते.

जादा पैसे परत करण्याचा प्रसंग आल्यावर काय होते, याचे उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या नकाणे गावात घडले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एका महिलेचे पाच हप्त्यांचे ७,५०० रुपये शासनजमा झाले. पुढच्याच महिन्यात मंत्र्यांनी सांगितले की अपात्र ठरलेल्या महिलांना आधी दिलेली रक्कम परत घेतली जाणार नाही. निर्णय चांगला आहे, पण तो जाहीर व्हायच्या आधी जिचे पैसे गेले ती ७,५०० रुपयांनी मागे राहिली आणि जी गप्प बसली ती सुटली. प्रामाणिकपणाला भुर्दंड आणि गप्प राहण्याला बक्षीस, असा हिशेब जमवायला मोठे कसब लागते. शिवाय समाजमाध्यमावरचे निवेदन म्हणजे शासन निर्णय नव्हे. मंत्री बदलतात, लेखापरीक्षक येतात, आणि पाच वर्षांनी एखाद्या नायब तहसीलदाराच्या टेबलावर वसुलीची यादी येऊन पडते.

ही भीती हवेतली नाही. पंतप्रधान किसान सन्मान निधीत नेमके असेच घडलेले आहे. त्या योजनेचा पहिला हप्ता २४ फेब्रुवारी २०१९ रोजी, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, शेतकऱ्याच्या स्वयंघोषणेवर दिला गेला. प्राप्तिकर भरणारे, चतुर्थ श्रेणी सोडून इतर सरकारी कर्मचारी आणि दरमहा १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारे अपात्र, ही अट तेव्हाही होती. तपासणी मागाहून झाली. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातून आलेल्या आकड्यांनुसार देशभरात २०.४८ लाख अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. अपात्रांच्या संख्येत पंजाब आणि आसामनंतर महाराष्ट्राचा क्रमांक होता, सुमारे १४ टक्के. नंतर तहसीलमधून नोटिसा निघाल्या आणि पैसे न भरल्यास सातबाऱ्यावर बोजा चढवण्याचे इशारे दिले गेले. एकाच घरात मुलाला २,००० रुपयांच्या हप्त्यांसाठी बोज्याची धमकी आणि आईला ९,००० रुपये तोंडी माफ, असे घडू शकते. दोघांचीही चूक सारखीच, की शासनाने पाठवलेले पैसे त्यांनी काढले. ज्यांनी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरूनही स्वयंघोषणा केली त्यांच्याबद्दल कोणाला कणव नाही. पण वसुलीच्या यादीत करदाता आणि नावाच्या साधर्म्यामुळे अडकलेला कोरडवाहू शेतकरी यांना एकच नमुना जातो, हे बरोबर नाही.

कायदा या बाबतीत शासनाच्या बाजूने आहे, हे मान्य करावे लागते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ प्रमाणे चुकून मिळालेला पैसा परत करावा लागतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या खटल्यात वर्ग तीन व चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्तांकडून, आणि पाच वर्षांहून जुन्या जादा वेतनाची वसुली करता येणार नाही असे ठरवले. वसुलीचा जाच चूक दुरुस्त करण्याच्या हक्कापेक्षा भारी होत असेल तर ती करू नये, हे त्यामागचे सूत्र. निकाल कर्मचाऱ्यांपुरता आहे. म्हणजे दरमहा पगार घेणाऱ्या शिपायाला जे संरक्षण आहे ते निराधार विधवेला मागायचे झाल्यास तिने आधी नोकरी लावून घ्यावी.

तिच्यावरचा जाच मोजताही येतो. निराधार योजनेत यायला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. ९,००० रुपये हे त्या मर्यादेच्या ४३ टक्के होतात. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने ती २९ दिवसांची मजुरी झाली, तीही काम मिळाले तर. तिच्या १,५०० रुपयांतून दरमहा दहा टक्के कापायचे म्हटले तर ६० महिने लागतात.

संगणकाने काढलेल्या याद्यांवर आंधळी वसुली केली की काय होते, हे श्रीमंत देशांनी करून पाहिले आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या वसुलीत किरकोळ त्रुटींवरून हजारो पालक कर्जात बुडाले आणि १५ जानेवारी २०२१ रोजी तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात वर्षाच्या उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून देणे ठरवणारी ‘रोबोडेट’ पद्धत बेकायदा ठरली. तिच्या चौकशी आयोगाचा अहवाल जुलै २०२३ चा आहे.

लेखी नियम होईपर्यंत लाभार्थ्याने काय करावे, हे सांगण्याचे काम खरे तर विभागाचे. ते होत नसल्याने इथे नोंदवले आहे. न समजणारी रक्कम पडली तर शक्यतो ती खात्यावरच राहू द्यावी आणि पासबुक भरून घ्यावे. तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत पासबुकाच्या प्रतीसह लेखी अर्ज द्यावा, किसानचा हप्ता असल्यास कृषी कार्यालयात, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. परतावा मागितला गेला तर कोणत्या आदेशाने आणि कोणत्या लेखाशीर्षाखाली, हे लेखी मागावे, आणि पैसे चलनानेच भरावेत. रोख रक्कम गावातल्या कोणाच्याही हाती देऊ नये, मग तो कितीही ‘साहेबांच्या ओळखीचा’ असो. मोबाइलवर आलेल्या दुव्यावरून तर भरूच नये. वसुलीची नुसती आवई उठली तरी तिच्या नावाने पैसे गोळा करणारे आधी पोहोचतात.

विभागाकडे मागणी एकाच शासन निर्णयाची आहे. ज्या महिलांच्या अपात्रतेची माहिती अर्जाच्या दिवशी शासनाच्याच दप्तरात होती, त्यांची रक्कम कायमची माफ केल्याचे त्यात लिहावे आणि ज्यांनी ती आधीच भरली त्यांना परत द्यावी. खोटी माहिती देणाऱ्या नोकरदारांकडून आणि बहिणी बनलेल्या पुरुषांकडून वसुली जरूर करावी, पण नोटीस आणि सुनावणीनंतर. नोटीस मराठीत असावी, तिच्यावर महिनावार हिशेब असावा, आणि वसुलीसाठी चालू अनुदान बंद केले जाऊ नये. हा निर्णय हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. योजनेच्या जाहिरातींसाठी त्या फलकांवर जागा सापडली होती.

कळावे.

हिंगोली जिल्ह्यातील अनुदानधारकांच्या वतीने

प्रत माहितीसाठी : सामाजिक न्याय व विशेष साहाय्य विभाग, कृषी विभाग, जिल्हाधिकारी कार्यालय, हिंगोली.