‘योग्य आहे’ की ‘योग्य होते’?

नांदेड-लातूरच्या एखाद्या गावात ‘पाणी पिण्यास योग्य आहे’ असा अहवाल आला की सारे निर्धास्त होतात. पण जंतूंच्या तपासणीलाच २४ ते ४८ तास लागतात. तोवर ते पाणी पिऊनही झालेले असते. मध्येच पाऊस पडून विहिरीत गढूळ पाणी उतरले, जलवाहिनी फुटली, की ‘आहे’ खोटे ठरते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा तर स्रोतच बदलला होता. म्हणून ‘अमुक तारखेच्या नमुन्यात जंतू आढळले नाहीत’ असा भूतकाळच लिहावा. आजच्या पाण्यासाठी नळावर रोज क्लोरीन तपासावे; लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. गावात जुलाब सुरू झाल्यास जुना अहवाल दाखवू नये, नवा नमुना पाठवावा.