पहिलीच्या आधीच मूल काय शिकून बसतं? गोंदियातून दिसणारी गोष्ट

१६ एप्रिल २०२५ ला राज्य सरकारने पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय काढला. १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायचं ठरलं. जवळपास अडीच महिने महाराष्ट्र एकाच प्रश्नावर तावातावाने बोलत होता: पहिलीतल्या मुलाला कोणती भाषा शिकवायची?

गोंदियातून पाहिलं की हा वाद थोडा वेगळा दिसतो. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड अशा दोन राज्यांना लागून असलेल्या या जिल्ह्यात पहिलीत येईपर्यंत अनेक मुलांच्या कानांवरून तीन-चार भाषा गेलेल्या असतात. घरात झाडीबोली, पोवारी किंवा गोंडी, बाजारात हिंदी, सीमेकडच्या गावांत छत्तीसगढी. पाठ्यपुस्तकातली मराठी ही त्यात आणखी एक. म्हणजे भाषा शिकायची ताकद या मुलांकडे भरपूर आहे. तरी वर्गात यातली बरीच मुलं गप्प असतात. कशामुळे?

एक साधं उदाहरण घेऊ. झाडीबोलीत 'ण' आणि 'ळ' हे उच्चार नाहीत. मूल 'पानी' म्हणतं. कुणीतरी 'पाणी म्हण' असं सांगतं, बाकीची मुलं हसतात, बाईही थोडं हसतात. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण असं तीन-चारदा झालं की मूल मनाशी हिशेब मांडतं: बोललं तर हसं होतं, गप्प बसलं तर काहीच होत नाही. मग ते गप्प बसतं. आपण त्याला 'लाजाळू' किंवा 'जरा मंद' म्हणतो. खरंतर त्याने एक निर्णय घेतलेला असतो आणि हाती असलेल्या अनुभवावरून बघितलं तर तो बरोबरच असतो.

लहान मुलांच्या शिकण्यावर गेल्या काही दशकांत जगभर जे संशोधन झालं, त्यातला मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा धागा हाच आहे. पहिल्या पाच-सहा वर्षांत मूल रंग आणि आकडे तर शिकतंच. त्याच वेळी हे जग कसं आहे, भरवशाचं आहे का, नवीन काही करून पाहिलं तर काय होतं, याचाही अंदाज ते बांधत असतं. पुढची शाळा त्या अंदाजावर उभी राहते.

गोळी आता की नंतर?

'मार्शमेलो टेस्ट'बद्दल तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोग सुरू केले. मुलासमोर मार्शमेलो, म्हणजे साखरेची मऊ गोळी ठेवायची. मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन मिळतील, असं सांगून मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचं. ज्या मुलांनी वाट पाहिली ती पुढे अभ्यासात सरस निघाली, असं नंतर दिसलं. मग काय, 'संयम शिका' सांगणाऱ्या प्रत्येक भाषणात ही गोळी आली. आजही व्हॉट्सअॅपवर फिरत असते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. २०१३ मध्ये रोचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाला एक पायरी जोडली. तीन ते पाच वर्षांच्या २८ मुलांना आधी चित्र काढायला बसवलं आणि 'थांब, याहून छान रंग आणून देते' असं सांगितलं. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिले. उरलेल्यांना 'अगं, ते संपले की' असं सांगितलं. मग गोळीचा खेळ. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांची फसगत झाली होती ती जेमतेम ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९ होती, दुसऱ्या गटात फक्त एक.

मुलं तशीच होती, गोळीही तीच. फरक पडला तो आधीच्या काही मिनिटांच्या अनुभवामुळे. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे ९०० मुलांची माहिती तपासली. घरची परिस्थिती आणि आधीची समज लक्षात घेतली, तर गोळीवरून पुढच्या यशाबद्दल फारसं काही सांगता येत नाही, असं त्यांना आढळलं.

आता हेच गोंदियात आणून बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसात धानाची रोवणी. जंगलालगतच्या गावांत आई पहाटे उठून निघते. 'दुपारपर्यंत येते' हा तिचा शब्द मनापासूनचा असतो, पण तो पाळणं पानं किती मिळाली आणि फळीवर किती वेळ गेला यावर असतं. हातावर पोट असलेल्या घरात सगळ्याच शब्दांना अशी एक अदृश्य अट असते. त्या घरातलं मूल 'आत्ता मिळतंय ते घे' असं शिकलं तर त्याला अधीर कसं म्हणायचं? शहरातल्या मुलाला जे संस्कार म्हणून मिळतात, त्यातले अर्धे प्रत्यक्षात दरमहा येणाऱ्या पगारातून मिळतात, असं मला वाटतं.

शब्द मोडायचं काम फक्त गरिबी करते असंही नाही. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या आणि संप ५० दिवसांहून जास्त चालला. मानधन, पेन्शन, ग्रॅच्युइटी या त्यांच्या मागण्या रास्त होत्या. चर्चा पोषण आहार थांबल्याची झाली, तीही व्हायलाच हवी होती. पण चार वर्षांच्या मुलासाठी पन्नास दिवस म्हणजे किती मोठा काळ, आणि 'बाई उद्या येतील' हे रोज ऐकून त्याने काय धडा घेतला असेल, हा प्रश्न बातम्यांत आला नाही.

धडपडायला परवानगी लागते

माणसाचं बालपण इतकं लांब का, यावर बर्कलीच्या मानसशास्त्रज्ञ अॅलिसन गॉपनिक यांचं म्हणणं असं, की हा काळ शोधाशोध करण्यासाठीच राखून ठेवलेला आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या गटाच्या एका अभ्यासात चार-पाच वर्षांची मुलं आणि कॉलेजातली मुलं यांना एक खोकं दिलं होतं. काही वस्तू त्यावर ठेवल्या की ते वाजायचं. ते वाजण्याचा नियम नेहमीपेक्षा वेगळा असला, की तो ओळखण्यात लहानगेच पुढे निघाले. मोठी माणसं आपल्या नेहमीच्या समजुतीला चिकटून राहिली.

फक्त या शोधाशोधीला एक अट आहे. चूक झाली तर सांभाळून घेणारं कुणीतरी मागे हवं. नवेगाव-नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांत 'बाहेर जाऊ नको, वाघ येईल' ही जेवण भरवतानाची थाप नसते. बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं दगावल्याच्या बातम्या पूर्व विदर्भातून येत असतात. तिथे मुलाला अंगणात रोखून धरणारी आजी शहाणीच म्हणायची. पण मग मुलाने मोकळेपणाने चुकावं, उचकपाचक करावी, अशी दुसरी सुरक्षित जागा गावात कुठली? उत्तर एकच येतं, अंगणवाडी. त्याकडे येऊच.

त्याआधी दुसरी बाजू. अडचणीतलं बालपण मुलाला फक्त कमी करतं, ही समजूतही चुकीची आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजीपाला, किरकोळ वस्तू विकणाऱ्या १,४३६ मुलांना त्यांनी तपासलं. आठशे ग्रॅमचा भाव, सुटे परत किती, हे मुलं तोंडी आणि अचूक सांगत होती. तेच गणित वहीतल्या रूपात समोर आलं की बहुतेकांची गाडी अडायची. उलट, शाळेत जाणाऱ्या पण बाजाराशी संबंध नसलेल्या मुलांना वहीतली सोपी गणितं जमायची आणि बाजारातली नाही.

महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचं एक पुडकं ७० पानांचं असतं आणि अशा १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी. तेंदू वेचणाऱ्या घरातलं मूल आईशेजारी बसून पानं लावतं. ७० म्हणजे किती हे त्याच्या बोटांना कळलेलं असतं. शाळेत त्याच मुलाला दशक-एकक शिकवताना आगगाडीचे डबे काढतो आपण. घरचं गणित शाळेच्या दारात चपलेसारखं काढून ठेवावं लागतं.

खिचडी आणि खेळ

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. महाराष्ट्रात सुरुवातीला निवडलेल्या ठिकाणांत धारणी आणि धारावी होतं. आज राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. योजनेत सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. यातली शेवटची सेवा बऱ्याचदा उरलेल्या वेळात होते.

याला कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आणि ३६ टक्के कमी वजनाची होती. अशा राज्यात आधी पोटाचं बघणं चूक नाही. मात्र फक्त पोटाचं बघून काय होतं, याचा धडा जमैकातून मिळतो.

१९८६-८७ मध्ये किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमधली वाढ खुंटलेली १२९ मुलं निवडली गेली, ९ ते २४ महिने वयाची. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायची. काहींना दोन्ही मिळालं, काहींना यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची होती. वीस वर्षांनी बघितलं तर खेळ मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. नुसत्या आहाराचा असा टिकाऊ फायदा कमाईत दिसला नाही.

आपल्याकडे परवडेल का, हा पुढचा प्रश्न. ओडिशाच्या ग्रामीण भागात हाच कार्यक्रम दोन पद्धतींनी करून पाहिला गेला, घरोघरी जाऊन आणि आयांचे गट करून. मुलांच्या विकासात दोन्हींचा फायदा जवळपास सारखा होता आणि गटाचा खर्च बराच कमी. महाराष्ट्रात 'आरंभ' हा उपक्रम त्याच वाटेने जाणारा आहे. युनिसेफ आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या मदतीने त्यात सेविका पालकांना मुलाशी बोलायला, खेळायला शिकवतात. केंद्राने मार्च २०२४ मध्ये तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' आणि तीन ते सहा वयासाठी 'आधारशिला' आणलं. कागदावर बघाल तर दिशा योग्य आहे. घरची भाषा वापरा, मुलाला चुकू द्या, खेळातून शिकवा, हे सगळं त्यात आहे.

अडतं कुठे, तर माणसावर. सेविकेच्या मानधनातला केंद्राचा वाटा ऑक्टोबर २०१८ पासून दरमहा ४,५०० रुपयांवर थांबलाय. राज्य त्यात भर घालतं म्हणून गाडं चालतं. जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा पोषण ट्रॅकर अॅपवर जुळवणं सक्तीचं झालं. नेटवर्क शोधत फोन वर धरून उभ्या असलेल्या सेविकेने त्याच वेळी 'पानी' म्हणणाऱ्या मुलीशी निवांत गप्पा माराव्यात, अशी आपली अपेक्षा आहे.

आणि ताई?

या सगळ्या कार्यक्रमांत एक व्यक्ती जवळजवळ दिसतच नाही. मोहाच्या दिवसांत आई पहाटे जंगलात जाते, अंगणवाडी उघडायला अवकाश असतो. मधल्या तासांत धाकट्याजवळ असते ती आठ-नऊ वर्षांची मोठी बहीण. त्याच्याशी सर्वात जास्त बोलणारी, त्याला रागावणारी, शब्द देणारी आणि पाळणारी तीच. उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. त्यामुळे ती तेव्हा स्वतःच्या वर्गात नसते.

ही अडचण नवी नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी शाळा चालवताना त्यांना हेच दिसलं: थोरली मुलं गुरं चारायला जातात, थोरल्या मुली भावंडं सांभाळतात. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथलीच मानली जाते. गुराख्यांसाठी अनुताईंनी कुरणशाळा काढली, म्हणजे जिथे गुरं चरतात तिथेच वर्ग. आणि विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. मुलगी भावाला कडेवर घेऊन आली तरी तिचं शिकणं चालू राहायचं, आणि भावाचंही सुरू व्हायचं.

गोंदियातल्या अनेक गावांत अंगणवाडी आणि जिल्हा परिषदेची शाळा एकाच आवारात आहे. भिंतीला भिंत लागून. त्यांचं वेळापत्रक मात्र दोन वेगळी खाती ठरवतात, एक महिला व बालविकास आणि दुसरं शालेय शिक्षण.