ठराव आणि पाणी

नगरपालिकेच्या सभेचे इतिवृत्त कोणी आवडीने वाचीत असेल, असे आम्हांस वाटत नाही. ते वाचनीय नसतेच. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, अमुक गल्लीतील गटार दुरुस्त करण्याचा खर्च मंजूर करणे, दिव्याचे खांब, बाजारातील बैठकीच्या वसुलीचा मक्ता, मोकाट गुरांचा बंदोबस्त, एका शिपायाची रजा. प्रत्येक विषयाखाली सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘पुढील सभेपर्यंत तहकूब’. उपासनेनंतर चर्चच्या आवारात आपली मंडळी पावसापाण्याविषयी, लग्नकार्याविषयी, कापसाच्या भावाविषयी बोलतात. मुन्सिपालटीच्या सभेत काय झाले, हा विषय निघालाच तर एखादे हसू उमटते आणि बोलणे दुसरीकडे वळते.

तथापि आज या सदरात आम्ही अशाच एका रुक्ष ठरावाची हकिगत सांगणार आहोत. ती कोकणातील महाड या लहानशा गावची आहे. तिचा उत्तरार्ध वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पूर्वार्ध मात्र नगरपालिकेच्या दप्तरातला आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो संमत झाला. सरकारी अथवा सार्वजनिक पैशाने बांधलेली व चालविलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तशाच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या व दवाखाने त्या काळी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात सरकारने तो अंमलबजावणीसाठी खालच्या खात्यांकडे पाठविला. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्यास आज रायगड म्हणतात. तेथील नगरपालिकेच्या ताब्यात चवदार तळे होते. ५ जानेवारी १९२४ रोजी नगरपालिकेने ठराव केला की, या तळ्याचे पाणी अस्पृश्य बंधूंनी वापरण्यास आपली हरकत नाही.

झाले! ठराव वहीत गेला आणि वही कपाटात गेली. पुढे तीन वर्षे त्या तळ्यावर मुसलमान पाणी भरीत, परधर्मीय येत, गुरेढोरे पाणी पीत. परंतु ज्यांच्यासाठी ठराव झाला होता त्यांतील कोणी तेथे गेले नाही, कारण गेल्यास काय होईल हे त्यांस पक्के ठाऊक होते. नगरपालिकेने पाटी लावली नाही, दवंडी पिटली नाही, शिपाई उभा केला नाही. ‘हरकत नाही’ या दोन शब्दांत तिने आपले कर्तव्य संपले असे मानले. आमच्या मते या हकिगतीतील सर्वांत बोधप्रद भाग हीच तीन निवांत वर्षे आहेत. त्या काळात महाडात कोणी दंगा केला नाही, कोणी कायदाही मोडला नाही. केवळ काहीच घडले नाही.

बोले मात्र व्यवहार जाणणारे गृहस्थ होते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कायदेमंडळात दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. कागदाला हातपाय फुटावयाचे तर ते तिजोरीच्या वाटेने फुटतात, हे त्यांनी ओळखले होते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी पुष्कळ खटपट केली होती, आणि अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव आंबेडकर होते. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे अशी स्पृश्य वर्गातील मंडळीही त्यांच्या बाजूने उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सारी परिषद शिस्तीने मिरवणुकीने तळ्यावर गेली, डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले आणि मागोमाग इतरांनी घेतले. नगरपालिकेच्या दृष्टीने पाहिले तर हे लोक काही नवे करीत नव्हते. तिच्याच वहीतील तीन वर्षांपूर्वीचा एक ठराव ते आपल्या पायांनी अमलात आणीत होते. थोड्याच वेळात हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी कंडी गावात पिकली, आणि परतणाऱ्या प्रतिनिधींना मारहाण झाली. त्यानंतर एकशे आठ घागरी पाणी उपसून, शेण, गोमूत्र, दूध व दही घालून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

आता पुन्हा वहीकडे वळू. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या पहिल्या ठरावास त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. हा योगायोग की आणखी काही, याची चर्चा आम्ही करीत नाही. सभा भरली असेल, सूचक मिळाला असेल, अनुमोदक मिळाला असेल, मते मोजली गेली असतील. दोन्ही ठराव त्याच पद्धतीने झाले. वही कोणत्याही ठरावाला ना म्हणत नाही. सभासदांना निवडून देणारे कोण होते, हेही येथे सांगितले पाहिजे. त्या काळी मताचा अधिकार सर्व प्रौढांना नव्हता. करभरणा व मिळकत पाहून तो मिळे. तळ्याच्या पाण्यास मुकलेल्यांतील फारच थोड्यांचे नाव मतदारांच्या यादीत सापडले असते.

डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर पुन्हा महाडास सत्याग्रहासाठी निघाले, तेव्हा काही स्पृश्य नागरिकांनी १२ डिसेंबरला दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळविला. तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी त्यास शिवू नये अशी पूर्वापार वहिवाट आहे, असे वादींचे म्हणणे होते. कोर्टाचा मान राखून डॉ. आंबेडकरांनी तळ्यावर जाण्याचे त्या वेळी थांबविले. त्यानंतर साक्षी, पुरावे, नकाशे आणि जुनी दप्तरे यांत जवळजवळ दहा वर्षे गेली. महाडचे कोर्ट झाले, ठाण्याचे झाले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने वादींचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे आहे, आणि वादी म्हणतात ती अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा या खटल्याचा निष्कर्ष होता. एका ओंजळीचा निकाल लागण्यास दहा वर्षे लागली, आणि तो लागला तो तळे कोणाच्या नावे आहे या नगरपालिकेच्या रुक्ष प्रश्नावरून.

ही हकिगत वाचून हिंदू समाजाकडे बोट दाखविण्याचा मोह आपल्या काही वाचकांस होईल. त्यांनी तो आवरावा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आपला प्रभू तहानलेला विहिरीकाठी बसतो आणि जिच्या भांड्यास यहुदी शिवत नसत, अशा शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. हा वेचा आपण दरवर्षी ऐकतो. असे असूनही दक्षिणेतील काही धर्मग्रामांत ख्रिस्ती कब्रस्तानात जातीच्या भिंती उभ्या राहिल्या, मंदिरात निराळ्या बैठकी राहिल्या, आणि भारतीय कॅथॉलिक धर्माध्यक्षांच्या परिषदेला २०१६ साली दलित ख्रिस्ती बांधवांविषयी स्वतंत्र धोरण प्रसिद्ध करावे लागले. आता त्या धोरणालाही एक वही आणि एक कपाट आहेच.

असो. आपण मावल्याकडे येऊ. मावला हे आदिलाबाद शहरास लागून, चव्वेचाळीस क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली तेव्हा त्याचे स्वतंत्र मंडल झाले. गाव कोठे संपते आणि शहर कोठे सुरू होते, हे सांगणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. येथेही एक तळे आहे. त्याच्या पाण्यावर आज जातीचा पहारा नाही, ही समाधानाची गोष्ट. परंतु तळ्याची हद्द कोठवर, त्यात सांडपाणी कोणाचे जाते, नळ कोणत्या आळीला आधी मिळतो आणि कोणत्या आळीला शेवटी, हे प्रश्न सभेतच सुटतात किंवा सभेतच तहकूब होतात.

येथे आपल्या मराठी घरांची एक निराळी अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाची भाषावार वाटणी झाली. किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. मराठी बोलणारे मात्र सीमेच्या दोन्ही अंगांस तसेच राहिले. आज कारभाराचे कागद तेलुगूत निघतात. घरातील वडील माणसे तेलुगू बोलतात, समजतात, बाजारहाट करतात. परंतु पुष्कळांस ती वाचता येत नाही. मग सभेच्या हजेरीपत्रकावर सही होते, अंगठा उठतो, आणि त्या कागदावर वर काय लिहिले आहे हे घरी कोणासच सांगता येत नाही. महाडच्या लोकांना आपल्या हक्काचा ठराव निदान ठाऊक तरी होता!

यावर काही उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. भारतीय संविधानाच्या साडेतीनशेव्या अनुच्छेदानुसार, कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात अथवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकास आहे. मराठी अर्ज केवळ मराठी म्हणून परत करता येत नाही. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा मात्र याहून थोडा अरुंद आहे: त्याखालील अर्ज इंग्रजी, हिंदी अथवा त्या भागाच्या राजभाषेतच असावा लागतो आणि उत्तर सामान्यतः तीस दिवसांत मिळावयास हवे. ठरावाची नक्कल, इतिवृत्ताचे पान, झालेल्या खर्चाचा तपशील हे सारे या कायद्याने मागता येते. हिंदीत चार ओळी लिहू शकेल असा एखादा मुलगा किंवा मुलगी आज कोणत्या घरात नाही?

ज्यांची वस्ती ग्रामपंचायतीत मोडते, त्यांच्यासाठी २०१८ च्या तेलंगणा पंचायत राज कायद्याने ग्रामसभा ठरवून दिली आहे. तिच्यात बोलण्यास निवडून यावे लागत नाही; मतदार असणे पुरते. ज्यांची वस्ती शहराच्या वॉर्डात मोडते, त्यांच्यासाठी २०१९ च्या नगरपालिका कायद्यात वॉर्ड समित्यांची तरतूद आहे. तरुण, स्त्रिया, वृद्ध आणि गावातील प्रतिष्ठित मंडळी अशा त्या निरनिराळ्या असतात. याच कायद्याने अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा झाडांसाठी राखून ठेवावयास सांगितले आहे. आपल्या वॉर्डात त्यातून किती झाडे लागली आणि किती जगली, हे विचारण्यास कोणाच्या ओळखीची गरज नाही.

सार्वजनिक कामात पडणे हे भाविकाचे काम नव्हे, असे मानणारे सज्जन आपल्यात आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने डिसेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ या दस्तऐवजात याच्या अगदी उलट सांगितले आहे: सर्वांच्या हितासाठी मताचा उपयोग करणे हा नागरिकाचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. आपल्या मराठी मुलखातही उदाहरणे आहेत. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाईसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करण्याचे ठरले तेव्हा त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणास द्यावा असे त्यांचे म्हणणे होते. मते त्यांच्या बाजूने पडली नाहीत. तरी आज आपल्याला त्या सभेतून त्यांचाच विरोध आठवतो. स्वागताच्या कमानी कशा होत्या हे कोणी विचारीत नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीतील दोघांनी, शक्य तर एक तेलुगू शाळेत शिकलेली मुलगी आणि एक वडीलधारे गृहस्थ यांनी, पुढील सभेची तारीख विचारून ठेवावी व सभेस जावे. आपल्या आळीसंबंधी मागे कोणते ठराव झाले याची नक्कल मागावी आणि रविवारी मिस्सानंतर ती मराठीत सर्वांना वाचून दाखवावी. वाचून झाल्यावर एकच विचारावे: यातील काय झाले आणि काय व्हावयाचे राहिले? जे राहिले असेल त्यावर अर्ज लिहावा. भाषा सौम्य असावी. एका अर्जात एकच मागणी असावी. पाच मागण्यांचा अर्ज पाच टेबलांवर फिरतो आणि कोणत्याच टेबलाचा राहत नाही. खाली शक्य तितक्या घरांच्या सह्या घ्याव्यात, त्यांत आपल्या शेजारच्या हिंदू, मुसलमान आणि गोंड घरांच्याही असाव्यात, कारण गटार धर्म पाहून तुंबत नाही. अर्जाची दुसरी प्रत करून तिच्यावर कचेरीचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तेथून उठू नये, आणि ती प्रत घरी नीट जपून ठेवावी.