दंड पन्नास रुपये, डाग जन्माचा

हिवाळा आला की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, शंकरपटाची बोलणी सुरू होतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात त्याच जातीचा हा आपला पट. मधली काही वर्षे मात्र तो गुन्हा होता. २०११ मध्ये केंद्राने खेळांत वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. झाले गेले गंगेला मिळाले, असे आपण म्हणालो. पण ते खरेच मिळाले काय?

बंदीच्या काळातील शर्यतींचे खटले मागे घेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२२ मध्ये घेतला. चांगलेच केले. परंतु खटला मागे घेता येतो तो निकाल लागण्यापूर्वी. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१ तसेच सांगत होते. आता दोन धुरकरी डोळ्यांपुढे आणा. एकाने वकील लावला, तारखांवर तारखा घेतल्या, तो सुटला. दुसऱ्याने, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात म्हणून, पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला आणि दंड भरून तो घरी आला. प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पैसे गेले ते गेले, पण दोषी ठरल्याची नोंद राहिली. खटला रेंगाळत ठेवणारा निष्कलंक आणि कबुली देणारा गुन्हेगार, हा कुठला न्याय?

ही नोंद कागदावर निजून राहत नाही. आपल्यातली कितीतरी मुले पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावतात. धावण्यात पास झालेल्या मुलापुढे चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो. खरे लिहावे तर नोकरी जाण्याची भीती आणि लपवावे तर लपवल्याबद्दल जाण्याची भीती. क्षुल्लक प्रकरणाकडे नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आहे. पण ‘करू शकतो’ म्हणजे साहेबाची मर्जी.

कोणी म्हणेल, कायदा होता तेव्हा मोडला, मग भोगा. ज्याने बैलाला खिळे टोचले, त्याच्याबद्दल मीही तेच म्हणेन; तो छळ आजही गुन्हाच आहे. परंतु केवळ पट भरवला किंवा जोडी पळवली, तर आज अटी पाळून तेच काम परवाना घेऊन उजळ माथ्याने होते. मग कालच्याने काय पाप केले?

हा प्रश्न जगापुढेही आला आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी गांजा कायदेशीर केला. पुढच्या वर्षी जुन्या शिक्षांच्या नोंदी बाजूला काढण्यासाठी मोफत अर्जाची सोय केली. पण फारच थोडे लोक पुढे आले. ज्याला कचेरीची भीती बसली आहे, तो पुन्हा तिच्या दारात कशाला जाईल? कॅलिफोर्नियाने मात्र २०१८ मध्ये कायदाच केला की अशा नोंदी सरकारनेच शोधाव्यात. मला हाच मार्ग बरोबर वाटतो. आपल्यालाही तो अगदी परका नाही. चुकलेल्या बालकाची नोंद ठरावीक काळानंतर नष्ट करावी, असे आपला २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो. मग जे कृत्य आता गुन्हाच नाही, त्याची नोंद का जपावी?

डाग न पुसता कायदा बदलला की काय होते, हे पाहायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या पारधी बेड्यावर जाऊन पाहा. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा संपला, पण संशय संपला नाही. गावात चोरी झाली की पहिली नजर बेड्याकडेच वळते. तुरुंगातील नोंदवह्यांमधला जातीचा रकाना काढून टाका, असे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. शर्यतवाल्यांच्या पाठीशी आमदार-खासदार उभे राहिले, म्हणून निदान त्यांचे खटले तरी मागे घेण्याचे ठरले. बेड्याच्या पाठीशी कोण होते?

म्हणून माझे म्हणणे एवढेच : कृत्य गुन्हा उरले नाही की जुनी नोंद शासनाने आपण होऊन पुसावी, अर्जाची आणि वशिल्याची वाट पाहू नये. पाटावरची धूळ संध्याकाळी खाली बसते. माणसाच्या नावावरची धूळ कोणीतरी झटकावी लागते.